जुन्या पिकअपची केबिन : मूळ पाठ, प्रक्षेप आणि श्रमाची स्मृती

प्रस्तावना

साहित्यकृती, चित्र, शिल्प आणि वास्तू यांच्या समीक्षेची परंपरा मराठीत चांगली रुजलेली आहे. रोजच्या वापरातील यंत्रवस्तूंकडे मात्र समीक्षेची नजर क्वचितच वळते. यंत्राचे मोल त्याच्या उपयुक्ततेने ठरते आणि उपयुक्तता संपली की ते भंगारात जाते, असा सर्वसाधारण समज त्यामागे आहे. अमेरिकेतील जुन्या पिकअप ट्रकांनी हा समज खोटा ठरविला आहे. शेतावर, तेलविहिरींवर आणि बांधकामावर राबलेले पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे ट्रक तेथे हौसेने विकत घेतले जातात आणि त्यांच्या केबिनचा अंतर्भाग नव्याने घडविला जातो. जुना बाक काढून नव्या खुर्च्या बसविणे, पत्र्याच्या डॅशबोर्डवर चामडे चढविणे, वातानुकूलन आणि ध्वनियंत्रणा जोडणे, पायाखाली गालिचा अंथरणे हा तेथे एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. अशा सुट्या भागांच्या उत्पादकांची सेमा ही संघटना १९६३ मध्ये स्थापन झाली, यावरून या हौसेचे वय लक्षात येते.

या हौसेची तांत्रिक माहिती विपुल आहे. तिचे मूल्यमापन मात्र फारसे झालेले नाही. केबिन बदलताना मूळ वस्तूचे काय होते? एखादा बदल चांगला आणि दुसरा वाईट असे म्हणावयाचे तर कोणत्या निकषावर? प्रस्तुत लेखात शेवरोलेट कंपनीच्या १९६७ ते १९७२ या काळातील सी-१० या पिकअपची केबिन हे मुख्य उदाहरण घेऊन या प्रश्नांचा विचार केला आहे. केबिनमधील प्रत्येक बदल हे मूळ पाठावरील भाष्य असते, आणि भाष्याची परीक्षा जशी मूळ पाठाच्या आकलनावर होते तशीच या बदलांचीही व्हावी, ही या लेखाची भूमिका आहे.

१. केबिनचा मूळ पाठ

सी-१० हा सुमारे अर्ध्या टनाच्या वर्गातला, मागच्या चाकांना गती देणारा हलका ट्रक. त्याच्या साध्या श्रेणीतील केबिन अत्यंत काटकसरीची होती. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत रेक्झीनने मढविलेला एकच सलग बाक. त्यावर तिघे बसत. डॅशबोर्ड रंगविलेल्या पत्र्याचा. पायाखाली रबराची चटई. अनेक गाड्यांत गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावरच असे, त्यामुळे मधल्या माणसाच्या पायांना मोकळीक मिळे. इंधनाच्या काट्याखेरीज बाकीचे काटे जादा पैसे मोजल्यासच मिळत. एरवी धोक्याची सूचना देणारे लहान दिवे पुरेसे मानले जात. इंधनाची टाकी बाकाच्या पाठीमागे, केबिनच्या आतच होती. तिचे भरण्याचे तोंड केबिनच्या बाजूला उघडे आणि आतल्या माणसाला इंधन हिंदकळल्याचा आवाज ऐकू येई.

या प्रत्येक गोष्टीमागे कामाचे तर्कशास्त्र होते. चिखलाच्या बुटांनी आत येणाऱ्यासाठी रबराची चटई सोयीची, कारण ती ओल्या फडक्याने पुसता येते. रेक्झीनवर तेलाचा डाग पडला तरी तो निघतो. सलग बाकावर दोन मजूर किंवा कुटुंबातील माणसे बसू शकतात. कोणी नसल्यास तेथे अवजारांची पेटी राहते. पत्र्याच्या डॅशबोर्डवर पाना आपटला तर फार तर रंग उडतो. ही केबिन सुंदर दिसावी म्हणून घडविलेली नव्हती. तरीही तिच्यात अनावश्यक असे काही नसल्यामुळे एक प्रकारची शिस्त आली होती. या शिस्तीलाच तिचा मूळ पाठ म्हणता येईल.

या पाठाला एक पुष्पिकाही आहे. जुन्या पोथीच्या शेवटी लेखनिक पोथी कोठे व केव्हा लिहिली याची नोंद करीत असे. सी-१० च्या सामानाच्या कप्प्याच्या झाकणावर, आतल्या बाजूस, कारखान्याने एक कागदी पट्टी चिकटविलेली असे. त्या विशिष्ट ट्रकावर कोणती जादा साधने बसविली होती त्यांचे संकेतांक तीत नोंदलेले असत. केबिनच्या नूतनीकरणात कप्प्याचे जुने झाकण अनेकदा टाकून दिले जाते आणि त्याबरोबर ही नोंदही नाहीशी होते. पाठचिकित्सेच्या दृष्टीने हे नुकसान गालिचाच्या रंगापेक्षा कितीतरी मोठे आहे.

२. मूळही एकपदरी नाही

मूळ केबिन म्हणजे श्रमाची साधी जागा आणि नंतर आलेली सजावट म्हणजे विकृती, अशी विभागणी मोहक असली तरी इतिहासाला धरून नाही. पिकअपला मोटारीचे सुख देण्याची कल्पना कारखान्यांनीच रुजविली. १९४७ मध्ये शेवरोलेटने आपल्या नव्या ट्रकांची केबिन ‘श्वास घेणारी’ म्हणून पुढे आणली. तिच्यात हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था होती. १९४८ मध्ये फोर्डने आपल्या केबिनला ‘दहा लाख डॉलरची केबिन’ म्हटले आणि जाहिरातीत दिवाणखान्याच्या सुखाची भाषा वापरली. १९५५ मध्ये शेवरोलेटचा कॅमिओ कॅरिअर आला. त्याच्या हौद्याच्या बाजू फायबरग्लासच्या होत्या. पहिल्या वर्षी त्याला दिलेल्या शुभ्रपीत रंगाचे नाव ‘बॉम्बे आयव्हरी’ असे होते. जोडीला लाल रंगाची छटा होती. मुंबईच्या नावाने विकल्या जाणाऱ्या हस्तिदंती रंगाचा हा ट्रक माल वाहण्यापेक्षा मालकाची ऐट वाहण्यासाठी होता, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

सी-१० च्या बाबतीतही हेच दिसते. १९६७ मध्येच ‘कस्टम स्पोर्ट ट्रक’ ही उंची श्रेणी उपलब्ध होती; तीत गालिचा आणि चकचकीत धातूच्या कडा मिळत. १९७१ पासून ‘शायान’ ही श्रेणी आली. म्हणजे ज्या केबिनला आज ‘मूळ’ म्हटले जाते तिचे कारखान्यातच अनेक पाठभेद होते. पुढे १९७३ मध्ये डॉजने आणि १९७४ मध्ये फोर्डने वाढीव लांबीच्या केबिनी आणल्या. २००१ मध्ये फोर्डच्या एफ-१५० ची ‘किंग रँच’ ही चामड्याच्या आसनांची आवृत्ती निघाली. टेक्सासमधील एका प्रसिद्ध पशुपालन क्षेत्राचे नाव तिला दिले होते. गुराख्याच्या कष्टाची जागा गुराख्याच्या प्रतिमेने घेतल्याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

तेव्हा ‘मूळ’ शोधताना कोणत्या ट्रकाचे मूळ, असा प्रश्न विचारावा लागतो. साध्या श्रेणीच्या ट्रकात उंची श्रेणीचे सामान बसवून त्याला ‘कारखान्यासारखा’ म्हणणे हा प्रक्षेपच होय. फक्त तो मूळ ग्रंथाच्याच दुसऱ्या प्रतीतून आलेला असल्यामुळे लवकर ओळखू येत नाही.

३. तीन वाटा

जुन्या केबिनवर काम करणाऱ्यांच्या ढोबळमानाने तीन वाटा दिसतात.

पहिली वाट पुनर्स्थापनेची. केबिन कारखान्यातून निघाली तशी करावयाची; रेक्झीनचा पोत, शिवणीतील अंतर, चटईचा रंग सारे तसेच. ही भूमिका संशोधित आवृत्तीच्या संपादकाची आहे. तिच्यातील धोका असा, की ट्रकाचे पन्नास वर्षांचे आयुष्य पुसले जाते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संपादकांनी संहितेतून वगळलेला मजकूर नष्ट केला नाही. तळटीपांत आणि परिशिष्टांत तो जपून ठेवला. वाहनांच्या पुनर्स्थापनेत असे परिशिष्ट बहुधा नसते. आधीच्या मालकाने दारावर लावलेला हूक, बाकावर घातलेले ठिगळ, डॅशबोर्डवर पाडलेले भोक हे सारे ‘चूक’ म्हणून काढले जाते. ज्या ट्रकाने काम केलेच नाही असा ट्रक शेवटी उभा राहतो.

दुसरी वाट मिश्र नूतनीकरणाची. बाहेरचे रूप जुने, आतली यंत्रणा नवी. आज हीच वाट सर्वाधिक प्रचलित आहे. तिची तुलना रूपांतराशी करता येईल. नाटकाचे रूपांतर करणारा पात्रांची नावे आणि स्थळे बदलतो, परंतु नाट्याचा कणा सांभाळतो. या वाटेचे यश कणा ओळखण्यावर अवलंबून असते.

तिसरी वाट स्वतंत्र निर्मितीची. येथे ट्रक हे केवळ निमित्त असते. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात वाहने बदलून घेण्याची जी लाट आली तिच्यात उभ्या पन्हळींसारख्या फुगीर शिवणीची रेक्झीनची आसने लोकप्रिय झाली. दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण हे काम स्वस्तात करून घेण्यासाठी सीमा ओलांडून मेक्सिकोतील तिहुआना शहरी जात. टॉम वुल्फ यांनी १९६३ मध्ये या मंडळींच्या वाहनांवर एक गाजलेला लेख लिहिला; १९६५ च्या त्यांच्या लेखसंग्रहाला त्यावरूनच नाव मिळाले. या वाहनांकडे कला म्हणून गांभीर्याने पाहण्याचे मोठे श्रेय त्या लेखाला द्यावे लागते. मेक्सिकन-अमेरिकन समाजाने ठेंगण्या केलेल्या, मखमलीने मढविलेल्या गाड्यांची परंपरा याच काळात बहरली. न्यू मेक्सिकोतील चिमायो या गावी घडलेली ‘डेव्ह्ज ड्रीम’ ही १९६९ ची फोर्ड मोटार वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय अमेरिकी इतिहास संग्रहालयात आहे. ती पिकअप नसली तरी येथे तिचा दाखला महत्त्वाचा आहे, कारण संग्रहालयाने कारखान्यातून निघालेली मोटार जतन केलेली नाही. एका समाजाने बदललेली मोटार जतन केली आहे. प्रक्षेप पुरेसा अर्थपूर्ण असेल तर तोच पुढे मूळ पाठ होतो, हे येथे मान्य झालेले दिसते.

या तिन्ही वाटांपैकी कोणतीही एक श्रेष्ठ ठरत नाही. प्रत्येकीत चांगले आणि सुमार काम होते. म्हणूनच वाटेपेक्षा निकष महत्त्वाचे ठरतात.

४. देहाचा हक्क

पहिला निकष आत बसणाऱ्या देहाचा. जुन्या केबिनची शिस्त वाखाणताना तिच्यातील निष्ठुरताही लक्षात घेणे क्रमप्राप्त आहे. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांनी ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकात ‘दुसरी धडक’ ही कल्पना लोकांपुढे ठेवली. पहिली धडक वाहनाची, दुसरी आतल्या माणसाची. आणि माणूस मरतो तो बहुधा या दुसऱ्या धडकेत, डॅशबोर्डवर, स्टिअरिंगच्या खांबावर किंवा टोकदार खुंट्यांवर आदळून. १९६६ मध्ये अमेरिकेत वाहन सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. त्याखालील आरंभीचे बरेचसे नियम प्रवासी मोटारींसाठी होते. हलक्या ट्रकांपर्यंत ते टप्प्याटप्प्याने, काही तर बऱ्याच उशिरा पोहोचले. माल वाहणाऱ्या माणसाचा देह प्रवाशाच्या देहापेक्षा कमी मोलाचा मानला गेला, असाच याचा अर्थ होतो.

म्हणून सुरक्षिततेसाठी केलेले बदल अपरिहार्य प्रक्षेप मानले पाहिजेत. कमरेपुरत्या पट्ट्याऐवजी खांद्यावरून येणारा तीन टोकांचा पट्टा हे त्यांपैकी पहिले. व्होल्वो कंपनीतील नील्स बोलिन यांनी १९५९ मध्ये सिद्ध केलेल्या या पट्ट्याने असंख्य जीव वाचविले आहेत. परंतु तो जुन्या केबिनमध्ये बसविताना वरचे टोक पातळ पत्र्यात नुसते आवळून चालत नाही. दाराच्या मागील खांबात जाड पट्टी जोडून आधार तयार करावा लागतो. दुसरा बदल टाकीचा. १९७३ च्या नव्या पिढीत कंपनीनेच टाकी केबिनबाहेर काढली. अनेक हौशी मंडळी ती हौद्याखाली मागे बसवितात. त्यामुळे धोका आणि वास कमी होतो, शिवाय बाकामागे जागा मिळते. तिसरा मुद्दा आसनाच्या कापडाचा. अंतर्भागातील साहित्य किती वेगाने जळावे यावर १९७२ च्या सप्टेंबरपासून अमेरिकेत मर्यादा आली. ती मिनिटाला १०२ मिलीमीटर अशी आहे. सी-१० ची ही पिढी नेमकी या मर्यादेच्या आधीची. नव्याने कापड निवडताना रंग आणि पोत यांच्याआधी हा गुण पाहिला जावा, ही अपेक्षा माफक आहे.

सुखसोयींचेही तसेच. टेक्सासच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या केबिनमध्ये दिवसभर बसणाऱ्याने वातानुकूलन बसवून घेतले तर त्याला ‘शुद्धते’चा दाखला देणे हा दुसऱ्याच्या घामावर पोसलेला सौंदर्यवाद होय. टेक्सासमधीलच सॅन अँटोनिओ येथे १९७६ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हिंटेज एअर’ या कंपनीने जुन्या वाहनांसाठीच असे संच बनविण्यास आरंभ केला, हे त्या दृष्टीने सूचक आहे. मात्र एक बदल दुसऱ्याला जन्म देतो. त्या काळच्या साध्या ट्रकाचा अल्टरनेटर ३७ अँपिअरचा होता. पंखा, वातानुकूलन, ध्वनियंत्रणा आणि विजेच्या काचा यांचा भार त्याला पेलत नाही. मग मोठा अल्टरनेटर येतो, नव्या वायरी येतात, नवी फ्यूजपेटी येते. जुन्या वायरींवरच नवा भार टाकला तर केबिन पेट घेण्याचा धोका असतो. चांगल्या नूतनीकरणाची पारख म्हणूनच दिसणाऱ्या चामड्यावरून करता येत नाही. न दिसणाऱ्या वायरीवरून करावी लागते.

हीच गोष्ट गालिचाची. या पिढीच्या ट्रकांचा पायाखालचा पत्रा आणि केबिनचे खालचे कोपरे गंजण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. रबराची चटई काढून पत्रा नीट न तपासता, गंज न काढता, त्यावर आवाज शोषणारे थर आणि वर मऊ गालिचा घातला तर खाली ओल धरते आणि पत्रा आतून कुजतो. वरवर सुंदर आणि आत पोकळ अशा कृतीला साहित्यसमीक्षेत जे नाव दिले जाते तेच येथेही लागू पडते.

५. सलग बाक आणि मधली पेटी

दुसरा निकष कामाच्या खुणा वाचता येण्याचा. त्याची खरी कसोटी बाकावर लागते. नूतनीकरणात जुना सलग बाक जाऊन त्या जागी दोन स्वतंत्र खुर्च्या आणि मध्ये पेला ठेवण्याच्या खाचांची पेटी येते. काही जण नव्या ट्रकांतील दोन भागांत विभागलेला बाक आणून बसवितात. त्याचा मधला भाग दुमडून हात टेकता येतो. पाठीला आधार, पुढे-मागे सरकण्याची सोय आणि पट्ट्यांची बळकटी या दृष्टीने स्वतंत्र खुर्ची निःसंशय चांगली आहे.

परंतु तिने एक माणूस कमी होतो. सलग बाक ही एक सामाजिक रचना होती. मधल्या जागेवर मूल, पत्नी, भाऊ किंवा सोबतचा मजूर बसे. खांद्याला खांदा लागे. मालक आणि मजूर यांच्यातील अंतर त्या बाकावर निदान प्रवासापुरते मिटत असे. मधली पेटी आली की केबिन दोन स्वतंत्र व्यक्तींची होते, आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा एकाच व्यक्तीची. मूळ ट्रक माणसे आणि माल वाहत होता. नूतन ट्रक एकाचे सुख वाहतो. हा बदल करू नये असे नाही. पण तो करणाऱ्याला आपण केवळ खुर्ची बदलत नसून नातेसंबंधांचा एक नकाशा बदलत आहोत याची जाणीव असावी. कुशल कारागीर जुन्याच बाकाची चौकट ठेवून तीत नवा फोम, नव्या स्प्रिंगा आणि पट्ट्यांचे आधार बसवितो, तेव्हा तो देह आणि स्मृती या दोहोंना न्याय देतो. बाहेरून तो बाक जुनाच दिसतो. बसल्यावर फरक कळतो.

६. गंजाचे सौंदर्य आणि भविष्याचा मोह

श्रमाच्या खुणा पुसणे हा एक दोष. त्या खुणांचीच शोभेची वस्तू करणे हा त्याच्या उलट टोकाचा दोष. उडालेला रंग, गंजाचे डाग, दारावरचे पुसट झालेले दुकानाचे नाव हे सारे जपून आत मात्र भारी चामडे आणि महागडी ध्वनियंत्रणा बसविण्याची पद्धत लोकप्रिय आहे. काही ठिकाणी तर नव्या रंगावर गंजाचा आभास मुद्दाम निर्माण केला जातो. खरा गंज हा काळाने लिहिलेला मजकूर असतो. रंगविलेला गंज ही बनावट पोथी होय. जुन्या मराठी समीक्षेतील कलावाद आणि जीवनवाद यांच्या वादाची येथे आठवण होते. श्रमिकाचे जीवन कलेत यावे ही मागणी रास्त, पण ते केवळ चवीपुरते आले तर ती मागणी पूर्ण झाली असे म्हणता येत नाही.

याच्या पलीकडचे एक उदाहरण २०२१ मधले आहे. त्या वर्षी लास व्हेगास येथील सेमा प्रदर्शनात फोर्डने १९७८ च्या एफ-१०० पिकअपमध्ये विजेवर चालणारी यंत्रणा बसवून ‘एल्युमिनेटर’ नावाचा नमुना मांडला. दोन मोटारी, ४८० अश्वशक्ती. अंतर्भागात ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेला डॅशबोर्ड आणि ॲव्होकाडोच्या साहाय्याने कमावलेल्या चामड्याची आसने होती. या केबिनची कारागिरी वादातीत आहे. जुने वाहन भंगारात न घालता त्याला स्वच्छ ऊर्जेवर चालविण्याचा विचारही स्वागतार्ह आहे. तरीही समीक्षेच्या दृष्टीने एक विसंगती राहते. एफ-१०० हे नाव घेतले की शेतकऱ्याचा, सुताराचा, नळ दुरुस्त करणाऱ्याचा ट्रक आठवतो. त्या केबिनमध्ये चिखलाचे बूट घालून कोणी चढेल, अशी कल्पनाही या नमुन्यापुढे करवत नाही. मूळ पाठाचे शीर्षक तेवढे राहिले आणि संहिता दुसरीच लिहिली गेली, असे येथे झाले आहे. स्वतंत्र निर्मिती म्हणून तिला दाद द्यावी. जुन्या ट्रकाचे नूतनीकरण म्हणून तिचे समर्थन करता येत नाही.

७. नोंद आणि परतीची वाट

तिसरा निकष नोंदीचा. वास्तूंच्या जतनासंबंधी १९६४ मध्ये संमत झालेल्या व्हेनिस सनदेत एक महत्त्वाचे तत्त्व आहे : हरवलेल्या भागाच्या जागी जे नवे येईल ते एकूण रचनेशी सुसंवादी असावे, परंतु मूळ भागापासून वेगळे ओळखता यावे. जुन्या केबिनला हे तत्त्व जवळजवळ जसेच्या तसे लागू करता येते. वातानुकूलनाचा संच बसविताना डॅशबोर्डच्या पत्र्याला कायमचे कापण्यापेक्षा मूळ भोकांचा आणि कप्प्यांचा उपयोग करणे, काढलेले मूळ भाग फेकून न देता ठेवणे, कोणत्या वर्षी काय बदलले याची लेखी नोंद कप्प्यात ठेवणे, आणि कारखान्याची पट्टी असलेले झाकण काहीही झाले तरी जपणे या गोष्टींना खर्च फारसा येत नाही. पुढील मालकाला किंवा अभ्यासकाला मूळ पाठापर्यंत परत जाता आले पाहिजे, एवढाच त्यांचा अर्थ आहे. ज्या बदलातून परतीची वाट उरत नाही तो बदल करण्यापूर्वी अधिक विचार व्हावा.

८. इकडील संदर्भ

शेवरोलेट हे नाव मुंबईला नवे नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे वाहनांच्या जुळणीचा कारखाना सुरू केला होता. तथापि महाराष्ट्रात जुन्या पिकअपची हौस अमेरिकेसारखी वाढली नाही आणि त्याची कारणे उघड आहेत. येथे पिकअप अद्यापही प्रामुख्याने पोटापाण्याचे साधन आहे. भाजीपाला, दूध आणि सिमेंट वाहणाऱ्या वाहनाची केबिन बदलते ती गावोगावच्या ‘कुशन वर्क्स’च्या पाट्या लावलेल्या दुकानांत, आणि ती बदलते मणक्याच्या दुखण्यासाठी, उन्हासाठी आणि रात्रीच्या झोपेसाठी. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या तरतुदीचा कठोर अर्थ लावला, किरकोळ जोडण्यांना मात्र मुभा ठेवली.

केंद्र शासनाने डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने १ ऑक्टोबर २०२५ पासून निर्माण होणाऱ्या एन-२ आणि एन-३ वर्गांतील, म्हणजे साडेतीन टनांहून अधिक एकूण (मालासह) वजनाच्या, ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन बंधनकारक केले. चालकाच्या देहाचा हक्क मान्य करणारा हा निर्णय महत्त्वाचा आहे. परंतु बहुसंख्य लहान पिकअप एन-१ वर्गात मोडतात आणि ही सक्ती त्यांना लागू नाही. १९६६ नंतर अमेरिकेत हलक्या ट्रकांच्या बाबतीत जे घडले त्याच्याशी याचे साम्य सहज लक्षात येते. लहान ट्रक आणि त्यातील माणूस दोघेही नियमांच्या रांगेत मागे उभे राहतात. अमेरिकेत जे हौस म्हणून बसविले जाते ते येथे गरज म्हणून मागावे लागते, आणि हा भेद ध्यानात न घेता तेथील हौसेचे अनुकरण केल्यास ते पोकळ ठरेल.

समारोप

जुन्या पिकअपच्या केबिनमधील बदल हा केवळ चवीचा किंवा ऐपतीचा प्रश्न नाही. त्या केबिनमध्ये एका काळाने श्रमिकाला किती जागा दिली, किती सुख दिले आणि किती धोका पत्करावयास लावला याची नोंद आहे. ती नोंद पूर्ण पुसून दिवाणखाना उभा करणे जितके सदोष, तितकेच तिच्या डागांना चौकटीत बसवून मिरविणेही सदोष. बसणाऱ्याच्या देहाला सुरक्षितता आणि सुख मिळावे, कामाच्या खुणा वाचता याव्यात आणि बदलाची नोंद राहून परतीची वाट शिल्लक असावी, या तीन निकषांवर उतरणारे नूतनीकरण मूळ वस्तूचे आयुष्य खऱ्या अर्थाने वाढविते. हे तिन्ही निकष एकमेकांशी नेहमी जुळतातच असे नाही. जेथे संघर्ष येईल तेथे देहाच्या सुरक्षिततेला प्राधान्य द्यावे लागेल, कारण ज्याच्या स्मृतीसाठी जुना बाक जपावयाचा त्या माणसालाही, पर्याय असता तर, खांद्यावरचा पट्टा आणि थंड वारा नको झाला नसता.